न फोडलेलं पाकीट

"फोडू का, मॅडम?" सिस्टरनं विचारलं. स्टेंटचं पाकीट तिच्या हातात होतं.

डॉक्टरबाई पडद्याकडे बघत होत्या. टेबलावर झोपलेल्या बसड्रायव्हरच्या हृदयाची मुख्य रक्तवाहिनी समोर काळ्या रेघेसारखी हलत होती. मधे एका जागी ती रेघ चिमटीत धरल्यासारखी बारीक झाली होती.

"सत्तर टक्के तरी आहे," काचेपलीकडून मोठ्या सरांचा आवाज स्पीकरवर आला. बाईंना हे काम हाताला धरून शिकवलं ते त्यांनीच. "जागा चांगली आहे, सरळ आहे. टाक आणि मोकळी हो."

ड्रायव्हरला सगळं ऐकू येत होतं. फक्त मनगट बधिर केलं होतं; बाकी माणूस टक्क जागा होता.

"स्टेंट पडला की किती दिवस स्टेअरिंग बंद, डॉक्टर?"

"ते तुमचं ऑफिस ठरवेल, काका. पण काही महिने सुट्टी धराच."

"म्हणजे आयुष्यभर लोकांच्या बसा सुटल्या, आता माझी सुटणार." तो हसला, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही.

बाईंनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. टाकणं सोपं होतं. टाकला तर कुणी जाब विचारणार नव्हतं. नाही टाकला आणि उद्या या माणसाला काही झालं, तर सगळी बोटं आपल्याकडेच वळणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण याच्या तक्रारी म्हणजे जिना चढताना कधीमधी लागणारी धाप आणि एक धड ना होय, धड ना नाही असा रिपोर्ट. डोळ्यांना अरुंद दिसतं तिथं रक्त खरंच अडतंय का, हे डोळे सांगू शकत नव्हते.

"थांबा, सिस्टर. पाकीट राहू दे. प्रेशर वायर द्या."

स्पीकर खरखरला. "डोळ्यांवर विश्वास नाही का?"

"आहे, सर. पण मोजून बघू या."

केसासारखी बारीक तार मनगटातून आत शिरून त्या चिमटीच्या पलीकडे गेली. अडथळ्याच्या अलीकडे दाब किती आणि पलीकडे किती उरतो, याचा हिशेब मशीन करणार होतं. शंभरातल्या ऐंशीच्या खाली आकडा गेला, की पाकीट फोडायचं. नाही गेला, तर नाही.

"काका, आता एक औषध देतेय. मिनिटभर छाती जड होईल, अंग गरम होईल. घाबरायचं नाही. आपोआप जातं."

"घाटात ब्रेक तापतात तसं?"

"तसंच समजा."

औषध गेलं. ड्रायव्हरनं डोळे गच्च मिटले, कपाळावर घाम आला. आकडा उतरू लागला. पंच्याण्णव. त्र्याण्णव. नव्वद. सिस्टरचा अंगठा पाकिटाच्या कडेवर जाऊन बसला. एकोणनव्वद.

आकडा तिथंच थांबला. बाई वाट बघत राहिल्या. तो हलला नाही.

त्यांनी तार सावकाश मागे ओढून मशीन खरं बोलतंय ना, तेही तपासलं. मग पुन्हा पुढे नेली, पुन्हा औषध दिलं. पुन्हा एकोणनव्वद.

बाईंनी काचेकडे पाहिलं. पलीकडे मोठे सर उठून उभे राहिले होते.

"मग आता तिथं उभी काय आहेस?" स्पीकर खेकसला, पण आवाजातलं हसू लपत नव्हतं. "तार काढ आणि बाहेर ये की!"

सिस्टरनं पाकीट कपाटात ठेवलं आणि कपाटाचं दार जरा जोरातच लावलं.

"काय झालं?" ड्रायव्हरनं डोळे उघडले.

"अडथळा आहे, काका. पण रक्त त्याला जुमानत नाहीये. गोळ्या घ्यायच्या, रोज चालायचं, सिगारेट आजपासून बंद. स्टेंट नाही."

तो छताकडे बघत राहिला. मग त्याचं पोट गदगदू लागलं. "हलू नका, हलू नका," सिस्टर ओरडली, आणि स्वतःच हसत सुटली.

बाहेर बाकावर त्याची बायको आणि लेक बसल्या होत्या. बाईंना पाहताच दोघी ताडकन उठल्या.

"किती घातले?" बायकोनं विचारलं.

"एकही नाही."

तिचा चेहरा उतरला. "जमलं नाही?"

"गरजच नाही, मावशी. मी आत काहीच केलं नाही."

"काहीच नाही? मग एवढा वेळ?"

"मोजत होते. त्यांचं हृदय त्याचं काम नीट करतंय."

ते डोक्यात शिरायला तिला थोडा वेळ लागला. लेकीनं एव्हाना फोन लावला होता आणि ती पलीकडच्याला ओरडून सांगत होती, "अरे, काहीच केलं नाही! काही म्हणजे काहीच नाही!" येणारेजाणारे वळून बघू लागले.

बायकोनं डॉक्टरबाईंचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. ग्लोव्हजमध्ये घामेजून त्याची बोटं सुरकुतली होती. तिनं तो उलटसुलट करून पाहिला, कपाळाला लावला आणि डोळे पुसत लेकीला म्हणाली,

"बघ गं, हाताला गुण असावा तर असा!"