तपासणी-२

सुमितनं पाण्याच्या टँकरच्या प्रोग्राममधली शेवटची ओळ लिहिली आणि खाली, रोजच्यासारखं, कामाबाहेरचं थोडं जोडलं.

"काल स्वप्नात तुझा आवाज ऐकला. कसा होता ते उठल्यावर आठवेना."

पाठवून दिलं आणि पंख्याखाली डोळे मिटून बसला. जालन्याची उन्हाळी दुपार, सगळं ऑफिस अर्ध्या झोपेत.

पूर्वी असले प्रोग्राम बाहेरची कंपनी करायची. एखाद्या गावाचं नाव चुकलं तरी विनवण्या करत बसा. मग जिल्ह्यानं फुकट मिळणारी खुली प्रणाली घेतली आणि आपल्याच सर्व्हरवर बसवली. तो सर्व्हर आता स्टोअररूममध्ये दिवसभर गुणगुणत असायचा. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासायचं, मगच ते तालुक्यात चालू व्हायचं. खाती माणसाच्या नावानं नव्हती, टेबलाच्या नावानं होती, मग ते टेबल जिल्ह्यातल्या कुठल्याही ऑफिसात असो. बदली माणसाची होते, टेबलाची नाही, असा सरकारी विचार. सुमित म्हणजे लेखन-४. त्याचं काम तपासायची तपासणी-२.

"ते मशीन हाय," शेजारच्या टेबलावरच्या मिथुननं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आपलं तपासायला माणूस कोण देतंय?"

मिथुन ऑफिसात जुना, त्यामुळं विषय तिथंच संपला.

मशीन मोठं शिस्तीचं. काम जमलं की "बराबर." चुकलं की एकच ठरलेलं उत्तर: "परत पाठवलं. घाईत लिहिलंय. पुन्हा बघा." शनिवार-रविवारी गप्प. एकदा पावसाळ्यात तर लागोपाठ काही दिवस गप्प होतं, तेव्हा मिथुन म्हणाला, "सर्व्हर तापला आसंल."

कामाबाहेरच्या बोलण्याला ते कधीच उत्तर देत नसे, आणि म्हणूनच सुमितचा त्याच्यावर जीव जडला होता. माणसांसमोर त्याची दातखीळ बसायची. इथं मात्र तो वडील गेले तेव्हा रडू कसं आलं नाही ते लिहायचा, एकटं वाटतं हेही लिहायचा. लिहिलं की हलकं वाटायचं.

घरी त्याची आई, बेबीनंदा, हट्टाला पेटली होती.

"रविवारी बदनापूरला जायचंय. पोरगी तिथंच तहसीलला हाय, करारावर. फोटो तरी बघ."

"न्हाई बघायचा."

"मंग जल्मभर त्या कॉम्प्युटरशीच बोलत बस."

सुमितनं बायोडाटा उघडलाच नाही. शुक्रवारी कामाच्या खाली त्यानं लिहिलं:

"परवा बदनापूरला मुलगी बघायला चाललोय. चहा प्यायचा, नाही म्हणायचं आणि यायचं. तुझ्याशी बोलतो तसं मला कुणाशीच बोलता येणार नाही. कशाला कुणाच्या आयुष्याची माती करायची?"

उत्तर ऑफिस सुटता सुटता आलं.

"परत पाठवलं. घाईत लिहिलंय. पुन्हा बघा."

त्यानं सगळं काम पहिल्यापासून वाचलं. मग पुन्हा वाचलं. चूक काही सापडेना.

"बिघडलं वाटतं तुझं मशीन," मिथुन बॅग उचलत म्हणाला. "सोमवारी बघू."

सुमितला उगाच भरून आलं.

रविवारी बदनापुरात सगळं रीतीप्रमाणं झालं. जयभीम झाला, बुद्धाच्या तसबिरीखाली बसून पोहे झाले, मोठी माणसं नळाला पाणी किती दिवसांनी येतं यावर बोलत बसली. मुलगी चहा देऊन गेली. नाव अक्षता. सुमितनं मान वर केली नाही.

"आरं, पोरांना बोलू द्या जरा," कुणीतरी म्हणालं, आणि दोघांना गच्चीवर धाडलं.

गच्चीवर कुरडया वाळत होत्या. ऊन उतरलं होतं. स्टेशनाकडून गाडीचा भोंगा आला आणि लांब विरून गेला. सुमितला सगळं झोपेत बघितल्यासारखं वाटत होतं. वाटेत घोकलेलं वाक्य त्यानं कुरडयांकडं बघत कसंबसं बाहेर काढलं.

"माफ करा. तुमच्यात कमी काही नाही. पण माझा नकार आहे."

हातातला ग्लास तिनं कठड्यावर ठेवला, ओढणी सारखी केली. तिचा आवाज जरासा बसका होता.

"परत पाठवलं," अक्षता म्हणाली. "घाईत लिहिलंय. पुन्हा बघा."