शेवटच्या ओळीची खूण

शनिशिंगणापुरातल्या शाळेत कारकून असलेल्या मधुवंतीला पाचला निघणं कधी जमलंच नाही. सांभाळणाऱ्या बनुबाईंच्या बिनदाराच्या घरात लेक संस्कृती उंबऱ्यावर वाट बघत रडायची.

सोमवारपासून ती सकाळीच कामांची यादी करू लागली. दुपारी बघते तर निम्म्या कामांवर बरोबरची खूण, दाखलेही लिहून तयार. अक्षर तिचंच. आपणच केलं असेल घाईत, म्हणत तिनं कितीतरी महिन्यांनी चहा गरम असताना प्यायला.

शुक्रवारी साडेचारलाच यादी संपली. शेवटची ओळ होती, ‘संस्कृतीला आणणं.’

तिच्यापुढेही खूण होती.

तिनं फोन लावला.

“आगं, आत्ताच न्हेलीस की!” बनुबाई हसल्या. “आज पयल्यांदा येळेवर आलीस. पोरगी लई खूश हुती.”