गालाचा दोष

बँकेतल्या कॅशियरने नवा फोन हातात घेतला आणि दुसऱ्याच क्षणी तो त्याच्या हातून सटकून टेबलावर आपटला. यापेक्षा साबणाची वडी बरी, असं तो म्हणाला. जिमवाल्याला मात्र फोन बेहद्द आवडला. कडा नाहीत, बटण नाही, नुसती काच. बघत राहावंसं वाटतं, असं त्याचं मत पडलं. आणि तो त्या काचेत स्वतःचेच केस बघत राहिला.

ताई सगळं टिपून घेत होती. नव्या फोनबद्दल गिऱ्हाइकांना काय वाटतं ते विचारायचं, हेच तिचं काम. येणारे सगळे तिला ताई म्हणत आणि तिला ते बरं वाटे. हक्काने हाक मारणारं दुसरं होतं कोण? ती नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा आई चारचौघांत म्हणाली होती, एका हाताने टाळी वाजत नाही. त्याच संध्याकाळी ताईने आईचा नंबर ब्लॉक करून टाकला. तेव्हापासून घरात बोलायचा तो फक्त फ्रीज.

शिवणवाल्या काकूंची पाळी आली. काकू दर खेपेला यायच्या, बोलावणं आलं नाही तर स्वतः फोन करून विचारायच्या. आजही त्यांनी फोन उलटासुलटा करून पाहिला.

"जन्मभर लोकांची बटणं लावली," त्या म्हणाल्या, "आणि आता बिनबटणाला चांगलं म्हणू होय?"

सगळे हसले. कॅमेरा, रंग, जाडी यांवर काकूंना काही म्हणायचं नव्हतं. त्यांचा जीव अडकलेला असायचा शेवटच्या भागात. दर खेपेला नवा फोन, त्यात नवंकोरं सिमकार्ड, आणि शेवटी प्रत्येकाने आपल्या माणसाला एक कॉल लावून आवाज कसा येतो ते सांगायचं. काकू मुलालाच लावायच्या. फोन घेऊन पॅसेजमध्ये जायच्या, लगेच परत यायच्या आणि म्हणायच्या, आवाज छान आला. बाकीचे कुरकुरले तरी काकूंनी आवाजाला कधी नावं ठेवली नाहीत.

आवाजाच्या बाबतीत ताईचा स्वतःचाही एक शोध होता. कोणाला पत्ता सापडत नसे, कोणाला वेळ बदलून हवी असे, म्हणून तिचा नंबर सगळ्यांकडे गेलेला. अनोळखी नंबर आला तरी उचलणं भाग होतं. त्यात काही कॉल मुके यायचे, बहुतेक संध्याकाळी. ती हॅलो हॅलो करायची, पलीकडून चकार शब्द नाही. सुरुवातीला ती वैतागली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नंबर दर वेळी वेगळा, म्हणजे फोन वेगळा. तरी दोष एकच. काच अगदी कडेपर्यंत नेली की बोलताना गाल लागतो आणि आवाज बंद होतो. तिने हे अहवालात घातलं, साहेबांनी पाठ थोपटली, ऑफिसात त्याला 'गालाचा दोष' असं नावच पडलं. आता मुका कॉल आला की ती समजुतीने सांगायची, "गाल लागलाय बघा, पुन्हा लावा." पुन्हा कोणी लावत नसे. खरं सांगायचं तर ती त्या कॉलची वाटही बघायची. रिकाम्या घरात निदान काहीतरी वाजायचं.

आज काकू पॅसेजमधून परत आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने.

"हा फोन नको," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

बाकीचे गेल्यावर ताईने त्यांना पाणी दिलं आणि काय बिघडलं ते विचारलं. काकूंनी फोन पुढे केला.

"आवाज जायचं भोक नेहमी खाली असतं. अंगठ्याने दाबलं की झालं. याला खाली एक आणि वरही एक. दोन्ही कशी दाबू?"

"पण दाबायची कशाला? तुमचं बोलणं कसं जाईल मग?"

"जायलाच नकोय ना." काकूंनी पदराने काच पुसली. "माझा नंबर तो उचलत नाही. नवा नंबर दिसला की उचलतो, दोन-तीनदा हॅलो म्हणतो. तेवढं कानात घालून मी घरी जाते. आज माझा श्वास ऐकू गेला वाटतं. ओळखलं त्याने. ठेवून दिला."

एकदा बोलून तरी बघा, असं ताई पुटपुटली.

"बोलले की नवे नंबर उचलणंही बंद. गप्प राहिले तर निदान हॅलो मिळतं." काकू उठल्या. "माझ्याच तोंडातून तेव्हा एक वाक्य जास्त गेलं होतं. शिवण उसवता येते ताई, बोललेलं नाही."

त्यांनी पुढच्या खेपेचं तेवढं विचारलं. बोलावीन, असं ताईने कबूल केलं.

घरी येऊन तिने दिवा लावला. फ्रीज घुरघुरत होता. काकूंचं मत कागदावर कसं मांडावं, या विचारात ती बसून राहिली. जेवायचंही सुचलं नाही.

फोन वाजला. अनोळखी नंबर.

"हॅलो," ताई म्हणाली. "हॅलो?"

पलीकडे काहीच नाही. गाल लागलाय बघा, हे शब्द सवयीने ओठांवर आले आणि तिथेच थांबले. तिने फोन कानाशी घट्ट धरला आणि कितीतरी वेळ ती नुसती ऐकत राहिली. पलीकडच्यानेही फोन ठेवला नाही.

"आई," ती म्हणाली, "अंगठा काढ."