शेणकिड्याचा दहावा

नव्या, तिसऱ्या मजल्याच्या उद्घाटनाचा नारळ फुटला आणि बॉसनं स्वतःच्या हातानं शेणकिड्याच्या पुतळ्याला हार घातला. श्रीरंगच्या पोटात दुखलं. लहान मुलांच्या या कार्टून कंपनीचा पहिला नायक म्हणजे त्यानं काढलेला सिंह. पण कंपनी वाढली ती मृण्मयीनं काढलेल्या शेणकिड्यावर. डबे, दप्तरं, टूथपेस्ट, जिथं तिथं शेणकिडा. सिंह उरला होता फक्त खोडरबरावर.

"अरे, तोंड का पाडलंयस? पेढा घे की," मृण्मयी म्हणाली. पेढ्यावरही शेणकिडाच छापला होता.

पुढचा भाग लिहायची पाळी श्रीरंगची होती. त्यानं शेणकिड्याला सरळ म्हशीच्या पायाखाली दिलं. गावोगावची मुलं हमसून हमसून रडली. एका शाळेनं तर शोकसभा घेऊन अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली.

"आता आपल्याला सिंहाशिवाय वाली नाही रे," बॉस म्हणाले. श्रीरंगनं चेहरा दुःखी ठेवला आणि कामाला लागला. नव्या भागात सिंहानं नदीकाठी शेणकिड्याचा दहावा अगदी रीतसर केला, पिंड ठेवला, डोळे पुसत चार मिनिटं भाषण ठोकलं. शेवटी अकरा सेकंदांपुरता कावळा आला, पिंडाला शिवला आणि म्हणाला, "मीठ कमी आहे."

दोन महिन्यांत कंपनीनं चौथा मजला घेतला. बॉसनं कावळ्याला हार घातला.

तो कावळा काढायला श्रीरंगला वेळ नव्हता. "पाच मिनिटांचं काम आहे, तेवढं करतेस का?" असं त्यानंच मृण्मयीला विचारलं होतं.