गिटारीच्या मागावर

मोटारसायकलवर मागं बसलेली गौहर पुटपुटत होती, "पिंपळी झाली, वरकुटं झालं, आता इंदापूर! एका गिटारीपायी कंबर मोडली माझी."

तिचा नवरा हैदर गाडी दामटत होता. म्हशी घेताना विकलेली त्याची गिटार दोन घरं फिरून इंदापुरातल्या एका बँडवाल्याकडं पोचली होती. दोघं पोचल्यावर बँडवाल्यानं ती पुसून समोर ठेवली. म्हशींचा चारा तोडताना कडबाकुट्टीच्या यंत्रात हैदरच्या डाव्या हाताची बोटं गेली होती. बँडवाल्यानं तो हात पाहिला, अन् तो नव्या तारांचं कौतुक सांगत बसला. आधीच्या घरांतही लोकांनी हाताकडं बघून, काही न विचारता चहाच पुढं केला होता.

शेवटी गौहरलाच राहवलं नाही. "अवो, घेताय खरं, पण वाजवणार कशानं?"

"तुज्या बोटांनी," हैदर म्हणाला. "शिकवायला तोंड हाय की मला."