शेवटचा बाक

"शेवटचा बाक? बाई, माझी मनवा काही ढ नाहीये!" कांचनने मुलीच्या साहाय्य आराखड्याचा कागद टेबलावरून परत सरकवला. पहिलीपासून दर जूनमध्ये शाळेत येऊन ती मनवासाठी पहिला बाक मागून घेत आली होती.

घोरपडेबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून एक टोपी काढली. "सहीआधी ही दहा मिनिटं घालायचीच, नियम आहे. यात मनवाचा कालचा गणिताचा तास आहे. तिला जसा जाणवला, अगदी तसा."

कांचनने टोपी चढवली. समोर फळा स्वच्छ दिसत होता. पण पाठीमागे चाळीस मुलं होती. कंपासपेट्यांचा खडखडाट, पानांची सळसळ, सरकणारे बाक, सगळं एकदम मानेवर येऊन आदळत होतं. फळ्याजवळ बाईंचे ओठ हलत होते, पण एकही शब्द पोचत नव्हता. तिसऱ्याच मिनिटाला तिने टोपी ओढून काढली.

"शेवटच्या बाकामागे भिंत आहे," बाई म्हणाल्या. "मागून काहीच येणार नाही."

कांचनने कागद पुन्हा पुढ्यात घेतला, सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक कलम वाढवलं: घरी मनवाचं टेबल आजच फिरवायचं, बसताना तिची पाठ भिंतीकडे.