नदीकाठचा पंचनामा

“पाटील, पुढे या,” हवालदार विलास यांनी हाक मारली आणि हैबतराव दोन पावलं पुढे सरकले. तोवर गौतमी जाऊन उभीही राहिली होती. हैबतराव धोतराचा सोगा सावरल्यासारखं करून तिथेच थांबले. कुणी हसलं नाही, पण पाहिलं सगळ्यांनी.

बावीस वर्षं गावचे पोलीस पाटील तेच होते. साठी झाली आणि पद गेलं. मग परीक्षा झाली आणि पहिली आली ती त्यांच्याच धाकट्या भावाची सून, गौतमी. घरी पेढे वाटले तेव्हा दात दुखतोय म्हणून त्यांनी पेढा घेतला नव्हता. दात ठणठणीत होते.

रात्री माऊली नावाच्या शेतकऱ्याची पाण्याची मोटार नदीकाठावरून चोरीला गेली होती. कापलेली वायर आणि टेम्पोच्या चाकांची खूण कुणी तुडवू नये म्हणून गौतमीने भोवती दगड मांडून ठेवले होते. हवालदार खूश झाले. “हे बरं केलंत. आधी इथे आलो की नुसती जत्रा असायची.”

आधी म्हणजे कुणाच्या वेळी, हे विचारायची गरजच नव्हती. हैबतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“संशय कुणावर?” हवालदारांनी माऊलीला विचारलं.

“भैरूवर. काल पाण्यावरनं भांडलो, तर तुला बघून घेतो म्हनला.”

भैरू गर्दीतच होता. गौतमी त्याच्याकडे वळली. “भैरूभाऊ, रातच्याला कुटं हुता तुमी?”

“पाटलांच्या गोठ्यात. गाय अडली हुती. पहाटं वासरू मोकळं झालं, तवर हाललो न्हाई.” त्याने हैबतरावांकडे बोट केलं. त्याच्या तोंडी पाटील म्हणजे अजून तेच होते.

“खरं हाय का, मामंजी?”

खरं होतं. कोपरापर्यंत हात घालून भैरूनेच वासरू ओढून काढलं होतं, नाहीतर गाय गेली असती. नुसतं व्हय म्हटलं की मिटलं. पण मग हवालदार मान डोलावणार आणि बाईंनी एका प्रश्नात माणूस सोडवला म्हणून ठाण्यात चहा पिताना सांगत सुटणार. त्यापेक्षा नेऊ दे हिला चुकीचा माणूस. उद्या तोंडघशी पडेल तेव्हा गावाला जुन्या पाटलाची आठवण येईल.

“मला काय विचारतीस? पाटील तू हायेस. तूच ठरव.”

“आवो पाटील, सांगा की,” भैरू म्हणाला.

हैबतरावांनी नदीकडे तोंड फिरवलं. खोटा जबाब देणं गुन्हा आहे, हे त्यांनी बावीस वर्षं लोकांना बजावलं होतं. आणि ते खोटं एक अक्षरही बोलले नव्हते.

“मी गोठ्यात जाऊन बघून येते, साहेब,” गौतमी म्हणाली.

“ते नंतर बघू. आधी चौकशीला नेतो.” हवालदारांनी भैरूला जीपमध्ये बसवलं. तो मुकाट्याने बसला. रात्रभराच्या जागरणाने डोळे लाल झालेले, त्यामुळे बघणाऱ्यांना तो चोरच वाटू लागला.

एवढ्यात हैबतरावांच्या पत्नी, सारजाबाई, हातात डबा घेऊन बांधावरून खाली आल्या.

“भैरू कुटं हाय? खरवस केलाय. रातभर आमच्या गोठ्यात राबला अन् उपाशीच गेला गडी.”

हवालदारांनी हैबतरावांकडे एकदा पाहिलं आणि स्वतः जाऊन जीपचं दार उघडलं. गौतमी खाली मान घालून वहीत लिहीत राहिली. ती चार शब्द बोलली असती तर हैबतरावांना बरं वाटलं असतं.

भैरू खाली उतरला. त्याने सारजाबाईंच्या हातून डबा घेतला, झाकण काढलं. गावात कुणाचीही गाय व्याली तरी खरवसाची पहिली वडी पाटलाच्या हातावर पडायची, ही जुनी रीत होती. डबा घेऊन तो हैबतरावांच्या दिशेने आला. सवयीने त्यांचा हात पुढे झाला.

भैरू त्यांच्या शेजारून पुढे गेला.

“घ्या, पाटील,” तो गौतमीला म्हणाला.